बहात्तरातला एकाहत्तरावा

कॅमेरा घेण्यामागे माझी कलादृष्टी वगैरे नव्हती, निव्वळ काटकसर होती, हे आधीच कबूल करून टाकतो. छत्तीस फोटोंचा रोल घालायचा आणि त्यात बहात्तर फोटो काढायचे. हा कॅमेरा फिल्मवरच्या प्रत्येक चौकटीचे मधोमध दोन भाग करतो आणि एकाच्या जागेत दोघांना बसवतो. आमच्या नगरकचेरीत टेबलांची व्यवस्था आहे तशीच. ऑलिंपिकच्या त्या वर्षी तोक्योत म्हणे मोठमोठे रस्ते आणि पूल उभे राहत होते. आमच्या नोतोच्या किनाऱ्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही, पण हा अर्ध्या मापाचा कॅमेरा मात्र पोचला. आधी पोस्टातल्या कारकुनाकडे आला, मग तांदूळवाल्याकडे आला, आणि जुलैचा बोनस हातात पडल्यावर फोटोवाल्या बिझेनच्या दुकानातून माझ्या खिशात आला. आकाराने साबणाच्या डबीएवढा.

घरी येऊन मी तो सगळ्यांसमोर मांडला आणि बहात्तरचं गणित समजावून सांगितलं. माझी बायको तोमिए हिला ते लगेच पटलं. सासूबाईंनी मात्र कॅमेरा उचलला, उलटा केला, तळहातावर तोलून पाहिला आणि परत ठेवला.

"अर्ध्या मापाचा आणलात होय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "बरं झालं. घरात एक अर्धा होताच, त्याला सोबत झाली."

याचा खुलासा केला पाहिजे. मी या घरचा घरजावई. कोनाया हे आडनाव सासूबाईंच्या घराण्याचं. लग्नाच्या दिवशी मी ते लावलं आणि माझं स्वतःचं आडनाव जोड्यांबरोबर दाराशी काढून ठेवलं. सतरा वर्षं झाली या गोष्टीला. सतरा वर्षांत मी या घराचं छप्पर दोनदा शाकारलं, विहिरीचा पंप बसवला, आणि अजून अर्धाच आहे. असो.

पहिले पंधरा दिवस मी खरोखर वेडा झालो होतो. माझ्या मामांकडे पूर्ण मापाचा जर्मन कॅमेरा होता. मामा तो कपाटातून काढत तेव्हा आम्ही पोरं न सांगता तोंड धुऊन यायचो. मामा उजेड मोजायचे, पावलं टाकून अंतर मोजायचे, मग सगळ्यांना श्वास धरायला सांगायचे, आणि तेवढ्यात ढग आला की पुन्हा पहिल्यापासून. मामांच्या प्रत्येक फोटोत आमचं सगळं घराणं नुकतंच कुणाला तरी पोचवून आल्यासारखं दिसतं. अर्ध्या कॅमेऱ्यात यातलं काही नाही. भिंगाभोवती माशीच्या डोळ्यासारखी जाळीदार काच आहे, ती उजेड स्वतःच पाहून घेते. उजेड फारच कमी असला तर बघायच्या खिडकीत खालून एक लाल जीभ वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. बाकी तुम्ही काही करायचं नाही. आणि पुढे बहात्तर आहेत म्हटल्यावर हात सैल सुटतो. मी किटलीची वाफ काढली. विहिरीपाशी मुळे धुणाऱ्या तोमिएची पाठ काढली. वाळत घातलेल्या माकुलांच्या रांगेखाली तोंड वर करून बसलेलं मांजर काढलं. मामांनी हे जन्मात काढलं नसतं. आणि जन्मभर आपण बघतो ते बहुतेक हेच असतं.

अडचण पुढे आली. बहात्तर संपेचनात.

छत्तीसचा रोल माणूस एका सणात संपवतो. बहात्तरला वर्ष लागतं. आणि आमच्याकडे अर्धा राहिलेला रोल धुवायला देणं म्हणजे भाताचं अर्धं भांडं समुद्रात ओतण्यासारखं. असं पाप करायला कुणी धजत नाही. बिझेनने मला एक रोल दाखवला होता. त्यात एकाच मुलाची पहिली आंघोळ आणि शाळेचा पहिला दिवस, दोन्ही होते. माझा कॅमेरा उरलेले फोटो मोजतो, वर एक छोटा आकडा असतो. सप्टेंबर उजाडला तरी त्या आकड्यावर अठ्ठावन्न होते, आणि आतल्या चौदा फोटोंचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरातच देवळातून निरोप आला, की नोव्हेंबरातल्या होओन्कोच्या सप्ताहात होजुनबुवा प्रवचनाला शेवटचे उच्चासनावर बसणार. होओन्को म्हणजे आमच्या संप्रदायाच्या आद्यगुरूंची पुण्यतिथी. होजुनबुवा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. ज्यांनी त्यांचं प्रवचन ऐकलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही, पण सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. बुवा साधं बोलायला लागतात. पावसाचं, मासळीचं, कुणाच्या सुनेचं. बोलता बोलता कुठेतरी शब्दांच्या पायाला सूर लागतो. नेमका कुठे, हे मी तीस वर्षं पकडायचा प्रयत्न करतोय. मग सूर चढत जातो, चढत जातो, आणि ऐन शिखरावर बुवा एकदम थांबतात. त्या थांबलेल्या जागेत सगळा सभामंडप न सांगता बुद्धाचं नाम घेतो: नाम्मानदाबु, नाम्मानदाबु. त्या एका क्षणासाठी मी पुढच्या वर्षीची वाट बघत असतो.

सासूबाई, इसो त्यांचं नाव, वय एकोणऐंशी, त्या क्षणासाठी पन्नास वर्षं पहिल्या रांगेत बसल्या. मागच्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्यांचं कंबरेचं हाड गेलं. देवळाला नव्वद दगडी पायऱ्या. मी म्हटलं, आई, मी पाठीवर घेऊन जातो. त्या म्हणाल्या, पन्नास वर्षं जिथे पायांनी गेले तिथे पोत्यासारखी जाणार नाही. विषय संपला. चार दिवसांनी त्यांनी स्वतःच काढला.

"त्या तुमच्या डबीत बुवांचं तोंड मावेल का?"

मावेल म्हटलं.

"गातानाचं पाहिजे. उघडं. मला आता कानांनी कुठे काय ऐकू येतंय? दहा वर्षं झाली, मी त्यांच्या तोंडाकडे बघूनच ऐकते. मिटलेलं तोंड माझ्या काही कामाचं नाही."

तोमिए दाराशी उभी होती, शेजारचे मुरोतानी गुरुजी गल्लीची सूचनापाटी द्यायला ओसरीवर आले होते, आणि या दोघांच्या साक्षीने मी शब्द देऊन बसलो.

आता गणित बघा. नवा रोल घालून त्यावर बुवांना काढलं, तर तो रोल संपणार पुढच्या वर्षीच्या पितरांच्या सणाला. तेवढं थांबायला आपल्यापाशी वेळ नाही, असं सासूबाई वाणसामानाची यादी सांगावी इतक्या सहज म्हणाल्या. म्हणजे बुवा याच रोलमध्ये बसले पाहिजेत, आणि अगदी शेपटाला, की लगेच रोल संपून धुवायला जाईल. पंचवीस नोव्हेंबरच्या सकाळी आकड्यावर दोन किंवा तीन उरले पाहिजेत. अठ्ठावन्नचे तीन करायला माझ्याकडे बारा आठवडे होते.

मुरोतानी गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नव्हता, त्यामुळे त्यांचं मत स्वच्छ होतं. उद्दिष्ट ठरलेलं असलं की नियोजन सोपं, असं म्हणून त्यांनी पाटीवर एक ओळ लिहून गल्लीत फिरवली: कोनायांकडे फोटो शिल्लक आहेत, इच्छुकांनी भेटावं. इच्छुक भेटले. कुणाचा मोठा झालेला भोपळ्याचा वेल, कुणाची शिलाईयंत्रापाशी बसलेली सून, कुणाची नवी सायकल आणि तीच सायकल दुसऱ्या बाजूने. स्वतः गुरुजींनी आपल्या बोनसाय पाइनचे तीन काढून घेतले आणि पाइनला डावी बाजू शोभते की उजवी यावर मला पाऊण तास उभं केलं. दहा फोटो गेले. मी खूश होतो. अठ्ठेचाळीस उरले होते आणि ऑक्टोबर नुकता लागत होता.

अशा वेळी निशिदे साहेबांच्या कानावर गेलं.

निशिदे साहेब आमच्या बांधकाम विभागाचे प्रमुख. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की नगरातली गटारं साफ झाल्याचा पुरावा वरून मागितला आहे, तेव्हा तुम्ही तुमच्या त्या काटकसरी यंत्राने एकेक गटार काढा. एकेचाळीस गटारं आहेत. रोल कचेरीचा घ्या. मी म्हटलं, साहेब, माझ्या कॅमेऱ्यात आधीच रोल आहे. मग भांडारपालाने तोडगा काढला: माझ्या कॅमेऱ्यातला रोल कागदोपत्री कचेरीने घेतला असं समजायचं, आणि त्याच्या बदली कचेरीचा नवा रोल मला द्यायचा. मी शिक्का मारला. नवा रोल एप्रिलनंतर, नव्या वर्षाच्या मंजुरीतून मिळेल हे त्याने शिक्का वाळल्यावर सांगितलं.

आठवडाभर मी गटारं काढत हिंडलो. माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्या, कोट घातलेल्या माणसाने गटारापुढे एक गुडघा टेकून डोळा मिटावा, हे दृश्य गावाने मनापासून पाहिलं. मासळीबाजारातल्या बायका मला म्हणायच्या, दादा, जरा हसायला सांगा की त्याला. मी तेही सहन केलं. मनात एकच हिशेब: अठ्ठेचाळीसातून एकेचाळीस गेले, सात उरले. सात म्हणजे फार चांगले. चार गल्लीला, तीन देवळाला.

मग मी चूक केली. प्रामाणिकपणे मी साहेबांना सांगितलं, की उरलेल्यांत एक फोटो देवळातला येईल.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोनाया, रोल कुणाचा?"

"कचेरीचा."

"आणि देऊळ?"

"देवाचं."

"मग सरकारी रोलवर धर्म कसा चालेल? राज्यघटनेत आहे हे."

राज्यघटनेचं मी काय करणार. अर्ज केला. अर्ज सामान्य प्रशासनाकडे गेला. तिथून शेरा आला, की मजकुराच्या दृष्टीने फोटो वेगवेगळे असले तरी फिल्म एकसंध आहे, सबब बांधकाम विभागाने निर्णय घ्यावा. बांधकाम विभाग म्हणजे निशिदे साहेब. त्यांनी तो भांडाराकडे पाठवला. भांडाराने विचारलं, की कात्रीने वेगळी करता येणारी वस्तू एक समजायची की बहात्तर? तीन शिक्क्यांनिशी अर्ज माझ्याच टेबलावर अभिप्रायासाठी परत आला तेव्हा नोव्हेंबर अर्धा झाला होता, आणि सासूबाई रोज जेवताना माझ्याकडे न बघता विचारायच्या, "आकडा किती?"

शेवटी एका संध्याकाळी, सगळे गेल्यावर, साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि खिडकीबाहेर बघत बोलू लागले. देवळापुढेही एक गटार आहे. यादीतून ते राहूनच गेलंय. उद्या कुणी कर्मचारी ते काढायला गेला, आणि त्याआधी त्याचा हात जरा हलला, आणि कॅमेऱ्याने भलतीकडे बघितलं, तर नोंदवहीत काय लिहायचं? एकाहत्तरावा, हललेला. बहात्तरावा, देवळापुढचं गटार. मात्र गटार पाहिजेच. शेवटचं, आणि स्पष्ट.

मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, मी काही बोललो नाही.

बावीस तारखेला मी बिझेनकडे गेलो. देवळात अंधार असतो, लाल जीभ वर येईल, तिचं काय करू हे विचारायला. त्याने सांगितलं की भिंगाभोवतीचं कडं फिरवून शेवटच्या आकड्यावर लावलं की जीभ गप्प बसते, मग फोटो जसा येईल तसा येईल. एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, आणि वळता वळता म्हणाला, "बाकी तुला माहीतच आहे, मी छापतो ते जोडीने."

मला माहीत नव्हतं. अर्धा फोटो एकटा छापायला यंत्रात वेगळी अर्ध्या मापाची पट्टी लागते. ती त्याने वसंतात ओसाकाहून मागवली होती आणि ती येतच होती. तोवर त्याच्याकडे होती ती पूर्ण मापाची, म्हणजे एका कागदावर शेजारशेजारचे दोन फोटो, मध्ये काळी रेघ. पोस्टातल्या कारकुनाच्या सासऱ्याचा साठीचा सत्कार याच पद्धतीने एका बैलाच्या मागच्या बाजूसोबत छापला गेला होता, आणि दोन्ही घरांचं तेव्हापासून येणं-जाणं नव्हतं.

"मग बुवांच्या शेजारी कोण येईल?"

"शेजारी दोन असतात. एक आधीचा, एक नंतरचा. सांगशील त्याच्याबरोबर छापीन."

नंतरचं गटार. त्यात बदल नाही, तो शब्द साहेबांना दिलेला. म्हणजे आधीचा चांगला पाहिजे. मी ठरवलं: सत्तरावा देवळाच्या दारातला गिंको वृक्ष, पिवळाधमक, त्याची पानं खाली सांडलेली. एकाहत्तरावा बुवा. बहात्तरावा गटार. गिंको आणि बुवा असा कागद सासूबाईंच्या उशाशी किती शोभेल या कल्पनेने मी वाटेत एकटाच हसलो.

पंचवीसला सकाळी आकड्यावर बरोबर तीन होते. रात्री विजा कडाडल्या होत्या. अशा गडगडाटाने समुद्रातली बुरी नावाची मासळी जागी होते आणि बर्फ जवळ आलं असं आम्ही समजतो. पण सकाळ स्वच्छ निघाली. तोमिएने ओसरीचे सरकते पडदे उघडून सासूबाईंना उन्हात बसवलं होतं. मी कॅमेरा ओसरीच्या कडेला ठेवला आणि जोडे बांधायला पायरीवर वाकलो.

तेवढ्यात मुरोतानी गुरुजी आले. अखेरचा सल्ला द्यायचा राहिला होता. बटण दाबण्यात सगळे चुकतात, ते म्हणाले. लोक बोटाने ढोसतात. बटण दाबायचं नसतं. झाडावरचं पर्सिमन पिकलंय का हे आपण जसं नुसतं चाचपतो, तसं. असं म्हणून त्यांनी कॅमेरा उचलला. मी नाडीच्या गाठीत होतो.

"गुरुजी, दाबू नका."

"दाबतोय कुठे? दाखवतोय."

"काय म्हणतात गुरुजी?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"मी म्हटलं, असं," गुरुजी मोठ्याने म्हणाले, आणि टिक असा आवाज झाला.

मी वर पाहिलं तेव्हा गुरुजी कॅमेऱ्याकडे बघत होते आणि भिंगाचं तोंड साधारण मुळ्यांच्या ढिगाकडे होतं. आकड्यावर दोन.

माणसाने अशा वेळी नाम घ्यावं म्हणतात, मी घेतलं, पण ते नाम म्हणून ऐकणाऱ्याला वाटलं नसतं. गुरुजी म्हणाले, बघितलंस, किती अलगद. नव्वद पायऱ्या मी हाच विचार करत चढलो, की आता बुवांच्या एका अंगाला गटार आणि दुसऱ्या अंगाला मुळे, आणि यांतून मला निवडायचंय. गिंकोजवळून जाताना त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

देवळाच्या पंचांची परवानगी मी आठवडाभर आधी काढली होती. एकच टिक. तीही बुवा थांबल्यावर, नामाच्या गजरात, म्हणजे आवाज कुणाला ऐकू जाणार नाही. मी हो म्हटलं होतं. हो म्हणताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, की बुवा थांबले की त्यांचं तोंड मिटतं.

हे लक्षात आलं ते प्रवचनाआधी, मागच्या खोलीत बुवांच्या पाया पडायला गेलो तेव्हा. बुवा मुळ्याची आमटी आणि लाल चवळीचा भात जेवत होते. अंगाने अगदी पाखरासारखे झाले होते. मी सासूबाईंचं सांगितलं. त्यांनी घास थांबवला.

"पहिल्या रांगेतली इसो? कानावर हात धरून बसते ती?"

"हो. यंदा पायऱ्या होत नाहीत त्यांना."

"तिच्याकडे बघून मी गातो रे. ती मान हलवते तेव्हा मला कळतं सूर बरोबर लागला." मग थोडा वेळ ते चावत राहिले. "काढ फोटो. पण तोंड उघडं असताना काढ. मिटलेल्या तोंडाचा मी कुणाच्या काय उपयोगाचा?"

आता एकीकडे पंच, एकीकडे सासूबाई आणि बुवा. मी खांबाला टेकून डावीकडे बसलो, कडं फिरवून ठेवलं, कॅमेरा मांडीवर घेतला आणि घामाने भिजलो. बुवा उच्चासनावर चढले. पहिल्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिथे कुणी बसलं नव्हतं.

बुवांनी बर्फात वाट चुकलेल्या पोराची गोष्ट धरली. पोर हाका मारमारून थकतं आणि गप्प होतं. आणि आई, जिला एकही हाक ऐकू आलेली नाही, ती दिवा घेऊन बाहेर पडलेली असते. गोष्ट शंभर वेळा ऐकलेली. तरी सूर कुठे लागला हे यंदाही मला कळलं नाही. कळलं तेव्हा माझे दोन्ही हात जोडलेले होते आणि कॅमेरा मांडीवरून घरंगळून पुढच्या बाईच्या पाठीला लागला होता. मी तो ओढून घेतला. बुवा डावीकडे वळले होते, रिकाम्या जागेच्या बाजूला, किंचित खाली वाकून, गळ्याच्या शिरा ताठ:

"तू न मला शोधिले, बाळा, मीच तुला शोधिते,
बर्फातल्या पावलांवर माझे पाऊल ठेविते…"

'बाळा'वर ते लांबले. सगळा मंडप श्वास धरून होता. समईची वात चरचरलेली ऐकू आली असती. आणि त्या शांततेत माझ्या अर्ध्या कॅमेऱ्याने पूर्ण मापाची टिक केली.

साठ माना वळल्या. पंचांपैकी सर्वांत थोरल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच क्षणी पुढच्या सप्ताहात जोडे सांभाळायला नेमला गेलो. बुवा मात्र थांबले नाहीत. ओळ पुरी केली, मग थांबले, आणि नामाचा गजर उठला. त्यात माझाही आवाज होता, आणि तो थोडा रडका होता.

बाहेर येऊन मी गटार काढलं. शेवटचं, आणि स्पष्ट.

चार दिवसांनी बिझेनने हाक मारून दुकानात बोलावलं. मी म्हटलं, मुळ्यांबरोबरच छाप, गटारापेक्षा बरं. तो म्हणाला, कसले मुळे? आणि कागद पुढे सरकवला.

उजवीकडे बुवा होते. अंधारलेले, पण होते: डावीकडे वाकलेले, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मध्ये काळी रेघ, दोन खोल्यांमधल्या चौकटीएवढी बारीक. आणि रेघेच्या डावीकडे सासूबाई. आमच्या ओसरीवरच्या उन्हात, मान तिरकी, उजवा हात कानामागे, नजर थोडी वर. काय म्हणतात गुरुजी, हे विचारतानाच्या. बुवा वाकून गात होते ते थेट त्यांच्या कानात.

बिझेन म्हणाला, की ती ओसाकाची पट्टी कालच आली, पण यासाठी त्याने ती लावली नाही.

कचेरीची प्रत गेली ती बुवा आणि गटार यांची. नोंदवहीत एकाहत्तरावा 'हललेला' म्हणूनच लागला. निशिदे साहेबांनी प्रत पाहिली आणि फाइलीला लावण्याऐवजी आपल्या खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी, कात्रीने वेगळी करता येणारी वस्तू एक समजायची की दोन, या प्रश्नाचा निकाल स्वतःच लावला असावा. कारण फाइलीला लागलं ते नुसतं गटार, आणि साहेबांच्या मातोश्रीही त्याच देवळाच्या भाविक.

घरी मी कागद सासूबाईंच्या हातात दिला तेव्हा तोमिए होती आणि गुरुजीही होते, कारण गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली होती. गुरुजींनी आल्याआल्या डावी बाजू आपली असल्याचं जाहीर केलं आणि उजवीपेक्षा ती किती उजळ आली आहे हे तोमिएला दाखवलं. त्यात खोटं काही नव्हतं. तोमिएही म्हणाली, गुरुजी, काय अलगद दाबलंत हो. मी चहा प्यालो.

सासूबाईंनी कागद खिडकीशी धरला. जवळ आणला. लांब धरला. स्वतःच्या अर्ध्याकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. बुवांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, इतका वेळ, की मला वाटलं अंधारामुळे दिसत नसावं. मी म्हणणार होतो की आई, जरा काळं आलंय. तेवढ्यात त्यांचे ओठ हलायला लागले. बुवांच्या तोंडासारखे गोल झाले.

"…बाळा," त्या म्हणाल्या. आणि मग, वर्षानुवर्षं न वापरलेल्या, तुटक्या, बारीक आवाजात, पण नेमक्या चालीवर: "मीच तुला शोधिते, बर्फातल्या पावलांवर माझे पाऊल ठेविते."

ओळ हीच होती. मी कुणालाच सांगितली नव्हती.

आणि मग त्या थांबल्या. बुवा थांबतात तशाच. मी कप खाली ठेवला, तोमिएने हात जोडले, आणि गुरुजींनी, जे देवळात कधी मोठ्याने नाम घेत नाहीत, सगळ्यांच्या आधी घेतलं: नाम्मानदाबु, नाम्मानदाबु.

नंतर गल्लीतल्या बायका भेटायला येऊन हळहळू लागल्या, की यंदा इसोआजींचं प्रवचन चुकलं. सासूबाईंनी एकीलाही ते मान्य केलं नाही. पुरावा म्हणून कागद पुढे करायच्या. तुम्ही दिसला नाहीत हो आम्हाला, असं एकीने म्हटलंच, तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी पुढेच होते. ह्यांना विचारा. आमच्या मुलाने काढलाय."

'मुलाने' हा शब्द मी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाईपर्यंत चघळत होतो. पूर्ण मापाचा होता.